डोळे मिटलेल्या गावची सुलाबाई

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात आमच्या हिरडेवाडीचे डोळे आले. एकदोघांचे नव्हेत, अख्ख्या गावाचे. आधी मुंबईचे आले, मग पुण्याचे, मग साताऱ्याचे, आणि कोरेगावच्या बाजारातून एस.टी.त बसून ते आमच्याकडे आले. साऱ्या जगाला साथ लागलीय असं रेडिओ सांगायचा. चंद्रावर माणसं उतरली, त्यांच्या बुटांना तिथली माती लागली, त्या मातीतनं ही साथ आली, असं आमचे सयाजीतात्या छातीठोकपणे सांगत. तात्यांनी चंद्रावरची माती पाहिलेली नव्हती. पण तात्या जे जे सांगत त्यातलं निम्मं त्यांनी पाहिलेलं नसेच. त्यांची हौस सोयरिकी जुळवण्याची, आणि त्या हौसेत फार बघून चालत नाही.

सकाळी उठावं तर पापण्या चिकटलेल्या. बायामाणसं कोमट पाण्यात फडकं भिजवून घरातल्या एकेकाचे डोळे उघडून द्यायच्या, आणि उघडल्याबरोबर तो ‘आयायाया’ करत पुन्हा मिटून घ्यायचा. जो भेटेल तो औषध सांगायचा. कुणी धन्याचं पाणी, कुणी तुरटी, कुणी गुलाबपाणी, कुणी बाळंतिणीचं दूध. आमच्या आळीत त्या वेळी एकच बाळंतीण होती. तिच्या दारात सकाळी वाट्या घेऊन रांग लागायची, त्यात दोन तर पेन्शनीत आलेले सुभेदार. एकानं कांद्याचा रस घालून बघितला. तो दोन दिवस विहिरीच्या धावेवर पालथा पडून होता, आणि उठल्यावर पहिलं वाक्य म्हणाला, “गुण हाय, पर लय तिखट हाय.”

सगळ्यांत पक्की समजूत अशी की ही साथ डोळ्यांत बघितल्यानं लागते. म्हणून गाव पाठमोरं झालं. चावडीपुढं सातआठ म्हातारी माणसं बसायची, प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला, आणि गप्पा मात्र मध्यभागी. शिवी हासडली तर ती नक्की कुणाला, हे कळायला वेळ लागायचा. वरच्या आळीतले कोंडीबा आणि लालासाहेब हे सख्खे भाऊ बांधावरून तीन वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. तर गंमत अशी की अख्ख्या गावात ह्या दोघांच्याच घराला साथ शिवली नाही. मग गावानं मध्ये पडून त्यांचा समेट केला, दोघं गळ्यात गळा घालून रडले, आणि तिसऱ्या दिवशी दोघांचेही डोळे आले. त्यावर दोघं पुन्हा भांडले, कुणाचे आधी आले म्हणून.

काळे चष्मे तर विचारू नका. एरवी आमच्याकडं काळा चष्मा फक्त पुढाऱ्याच्या आणि रजेवर आलेल्या ड्रायव्हरच्या डोळ्यावर दिसायचा. त्या महिन्यात नांगरामागं काळा चष्मा, गोठ्यात काळा चष्मा, दळपाच्या रांगेत काळा चष्मा. ज्यांचे डोळे आले नव्हते त्यांनीही लावले, कारण न लावणारा दरिद्री दिसायला लागला.

आता सुलाबाईचं सांगतो. सुला आमच्या चुलत्यांची एकुलती एक लेक. चुलते म्हणजे बाळासो हवालदार. सारं गाव त्यांना आण्णा म्हणायचं. पलटणीत सिग्नलमध्ये होते. पेन्शन घेऊन आले ते लाऊडस्पीकरचा संच घेऊन: एक कर्णा, एक माईक, एक पेटी आणि एक बॅटरी. लग्नसराईत कर्णा भाड्यानं जायचा, एरवी चावडीच्या माळवदावर बसवलेला असायचा. आण्णा बोलायला कमी, पण सिग्नलची शिस्त अंगात मुरलेली. ते म्हणायचे, “खबर जशी आली तशी फुडं द्यायची. त्यात आपलं मीठ घालायचं न्हाई आन् हाय त्ये मीठ काढायचंबी न्हाई. अर्ध्या खबरीवर पलटणी मेल्यात.”

साथ सुरू झाली तेव्हा वरून एक कागद आला. गावाला ऐकू जाईल अशा रीतीनं रोज संध्याकाळी वाचून दाखवावा, असा हुकूम. सरपंच भाऊसोंनी तो आण्णांकडं दिला. पण आण्णांचे डोळे त्याच दिवशी आले, आणि लवकर बरे झाले नाहीत. सुलाचे मात्र सगळ्यांच्या आधी येऊन गेले होते. गावात जी दहापंधरा माणसं धड बघू शकत होती, त्यांत ती एक. शिवाय सातवी पास. म्हणून माईक तिच्या हातात आला.

पहिल्या दिवशी तिनं कागद जसाच्या तसा वाचला. ‘नेत्रश्लेष्मलादाहाच्या प्रादुर्भावाच्या अनुषंगाने’ अशी सुरुवात होती. ते ऐकून खालच्या आळीतल्या तिघांनी आपापल्या म्हशी रानात नेऊन बांधल्या. त्यांना वाटलं काहीतरी जप्ती आली.

दुसऱ्या दिवशी सुलानं कागद बाजूला ठेवला.

“हॅलो, हॅलो. हिरडेवाडी गावकऱ्यांस्नी सांगण्यात येतं, साथीचा आज पाचवा दिस. आज नवीन डोळे अकरा घरात आले. कोंडीबा मामांनी काल इहिरीवर तोंड धुतलं आन् त्याच टॉवेलानं बैलाचं तोंड पुसलं. बैलाचं डोळं अजून चांगलं हायती, बाकीच्यांनी असं करू नये. भाऊसो सरपंचांचा उजवा डोळा सकाळी आला, डावा दुपारी आला. तालुक्याला पाठवायच्या कागदावर सरपंचांनी लिवलंय, गावात रोगी न्हाई. बरोबर हाय. त्यांस्नी कोण दिसतंय? बोरिकचं पाणी कोमट असावं, कढत नको. नमस्कार.”

एकेका ओट्यावरून हसू फुटलं, आणि हसताना डोळ्याला ताण पडून सगळे ‘आयायाया’ करायला लागले.

तिथून रोज संध्याकाळी सहा वाजले की गाव कर्ण्याकडं कान लावून बसायचं. डोळे मिटलेलेच असायचे, दुसरा धंदा काय होता? रेडिओवर दिल्ली ऐकू यायची, पुणं ऐकू यायचं. पण शेजारच्या घरात आज काय झालं ते पहिल्यांदा कुणीतरी मोठ्यानं सांगत होतं. कुणाच्या आंधळ्या कारभारात आमटीत साखर पडली. कोण सासू सुनेच्या हातून औषध घालून घेताना तिला ‘आगं माझी बया’ म्हणाली, आणि सुनेनं दोन्ही डोळ्यांत दुप्पट थेंब घातले. कोण मास्तर शाळेला सुट्टी असल्याचं विसरून रिकाम्या वर्गावर अर्धा तास ओरडत होते आणि ‘आज पोरं लय शांत हायती’ म्हणून खूश झाले. बिराप्पा धनगर माणदेशातून मेंढरं घेऊन आमच्या शिवारात बसला होता. त्याचे डोळे आले तर त्याच्या कुत्र्यानं दोन दिवस मेंढरं राखली. सुलानं सांगितलं, “बिराप्पांच्या कुत्र्याकडं दोनशे जनावरं हायती आन् एक बी हरवलं न्हाई. पंचायतीत सात माणसं हायती.” एवढंच म्हणाली आणि बोरिकच्या पाण्यावर गेली.

लोकांची फार पंचाईत झाली. आपलं नाव येऊ नये म्हणून माणसं नीट वागायला लागली. आणि आठ दिवस नाव आलं नाही की त्यांनाच चुटपुट लागायची. एक म्हातारी तर काठी टेकत आण्णांच्या दारात आली आणि म्हणाली, “सुले, मी काल दोनदा पडले, तू कायच बोलली न्हाईस.”

सरपंचांनी कर्णा बंद करायचं मनात आणलं होतं. पण नदीपलीकडच्या वाडीची माणसंही संध्याकाळी काठाला येऊन बसतात म्हटल्यावर त्यांनी विचार बदलला. उलट दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला, की सरपंचांनी आज तीन घरांत जाऊन विचारपूस केली. सुलानं तेही सांगितलं, “सरपंच तीन घरात गेले. तिन्ही घरं त्यांच्या भावकीतली हायती.”

अशी ही सुला. आता जी गोष्ट कर्ण्यावरून कधी ऐकू आली नव्हती, ती सांगतो. सुला चार वर्षांची असताना तिला देवी आल्या होत्या. वाचली, पण गालावर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर वण राहिले. वीस वर्षांची झाली, घर चांगलं, बापाला पेन्शन, नदीकाठचा ऊस. तरी सात ठिकाणचे पाहुणे पोहे खाऊन गेले आणि सातही ठिकाणांहून ‘पत्रिका जमत नाही’ असं कळलं. काहींनी तर पत्रिका मागितलीही नव्हती. तिची आई शालूकाकी देव्हाऱ्यापुढं बसून राहायची. आण्णा बॅटरीच्या पट्ट्या घासत बसायचे. पुढच्या वर्षी एकविसावं सरलं की आमच्याकडच्या हिशोबानं पोरगी बिजवराच्या वाट्याला जाते, हे घरात कुणी म्हणायचं नाही आणि प्रत्येकाला ठाऊक होतं.

साथीच्या विसाव्या दिवशी सयाजीतात्या आण्णांच्या सोप्यात आले. काळा चष्मा कपाळावर, डोळे मिटलेले, आणि चेहऱ्यावर असं तेज की जणू चंद्रावरची माती स्वतः घेऊन आलेत.

“बाळासो, उद्या पाव्हणं येत्यात.”

“कुठलं?”

“विट्याकडचं. पोरगा सांगलीला कारखान्यात फिटर हाय, चांगला सा फूट उंच. घरी आई हाय, बा न्हाई. मामा सगळं बघतो. लय दिस माझ्या मनात हुतं, पर जमत न्हवतं. आता जमतंय.”

“आता कसं जमतंय?”

तात्यांनी आवाज खाली घेतला. डोळे मिटलेला माणूस आवाज खाली घेतो तेव्हा तो फक्त स्वतःला खाली वाटतो. “आरं, येणाऱ्या पाचीच्या पाची जणांचं डोळं आल्यात. उद्या येत्याल, पोरीचा आवाज ऐकत्याल, चाल ऐकत्याल, पोहे खात्याल. जाग्यावर सुपारी फोडायची. डोळं उघडत्याल तवा व्याही झालेलं असतील.”

आण्णा म्हणाले, “तात्या, ही खोटी खबर झाली.”

“खबर कुठली? कुणी काय बोलायचंच न्हाई! न बोलण्यात खोटं काय हाय?”

सरपंचांनाही हे पटलं. चावडीपुढच्या म्हाताऱ्यांना पटलं. ज्या गावाचं पाण्याच्या पाळ्यांवर, पाराच्या दुरुस्तीवर, देवळाच्या रंगावर कधी एकमत झालं नाही, त्या गावाचं एका दिवसात एकमत झालं: सुलीचं लगीन गावाचे डोळे मिटलेले आहेत तोवर उरकायचं. कोंडीबा आणि लालासाहेबसुद्धा एकत्र आले. शालूकाकीनं तर नवं लुगडं काढलं. मी सुलाला विचारलं, तुझं काय म्हणणं? ती म्हणाली, “मला इचारलंय कुणी? दादा, तुमी पयलंच.” आणि पिठाचा हात झाडत आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं पाहुणे उतरले. पाच जण, पाच काळे चष्मे, आणि एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचा हात. पुढं मामा नानासो. त्यांचा एक डोळा पायाखालची वाट दिसण्यापुरता उघडत होता, म्हणून ते पुढारी. मागं पोरगा कृष्णात, त्याच्यामागं त्याची आई मनुबाई, पदर नाकापर्यंत ओढलेला, आणि शेवटी भावकीतले दोन म्हातारे. एस.टी.च्या पायरीवरून उतरताना सगळे एकदम थांबायचे आणि एकदम निघायचे. गावातली पोरं बघून टाळ्या वाजवत होती, पण पाहुण्यांना वाटलं स्वागत आहे.

सोप्यात जाजम अंथरलं होतं. साथीच्या रिवाजाप्रमाणं पाहुणे पूर्वेला तोंड करून बसले, आमची माणसं पश्चिमेला. मधे पाठीला पाठ लागेल एवढं अंतर. मुलगी बघण्याचा हा कार्यक्रम मी आयुष्यात पहिल्यांदाच असा पाहिला, आणि पाहिला असं म्हणायला तिथं बसलेल्यांत मीच एकटा होतो, कारण माझे डोळे तोवर बरे झाले होते.

सुला पोह्यांचं तबक घेऊन आली. पाहुण्यांचे हात हवेत पुढं आले. तिनं एकेक बशी एकेक हातात नीट दिली.

“नाव काय बाळ?” मामांनी भिंतीला विचारलं.

“सुला.”

“आवाज खणखणीत हाय,” एक म्हातारा म्हणाला. “लांबनं आल्यागत वाटतो.”

“जरा चालून दाव.”

सुला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली. पाची पाहुण्यांनी कान वाकडे केले.

“पाय सरळ पडतो,” मामांनी निकाल दिला. “लंगडी न्हाई. कुठवर शिकली?”

“सातवी.”

“स्वयंपाक?”

“तुमी खाताय त्यो.”

कृष्णातच्या तोंडातून पोह्याचं शीत उडालं. तो हसला होता. मामांनी त्याला कोपरानं ढोसलं, पण ते कोपर शेजारच्या म्हाताऱ्याला लागलं.

एवढ्यात मनुबाईनं हात पुढं केला. “हिकडं ये गं बाळ,” म्हणाली, आणि चाचपडत तिचा हात सुलाच्या खांद्यावर आला, खांद्यावरून हनुवटीवर, आणि हनुवटीवरून गालाकडं जायला लागला.  दारातून बघणाऱ्या शालूकाकीच्या हातातली वाटी खाली पडली. सयाजीतात्यांना दिसत काही नव्हतं, पण वाटीच्या आवाजावरून त्यांना सगळं समजलं असावं. ते जागच्या जागी ओरडले, “आवं व्हैनी, हात लावू नका! साथ हाय! सरकारचा कागद हाय!”

मनुबाईनं हात मागं घेतला. तीन आठवड्यांत सरकारच्या कागदाचा हा पहिला उपयोग.

मग सगळं भराभर झालं. मामा म्हणाले पसंत. तात्या म्हणाले, मग सुपारी. मामा म्हणाले, संध्याकाळच्या गाडीच्या आधी. एवढ्यात सांगावा आला, की गाडीच्या ड्रायव्हरचे डोळे आले आणि गाडी सकाळशिवाय नाही. तात्यांना आनंदच झाला: आता निवांत फोडू. शालूकाकी सुपाऱ्या आणि हळदकुंकू तबकात मांडायला लागली.

आणि सहा वाजत आले.

सुला सोप्याच्या दारात येऊन उभी राहिली. “आण्णा, बॅटरी जोडायची व्हय?”

“आज ऱ्हाऊ दे,” तात्या म्हणाले. “घरात पाव्हणं हायती. आज कर्णा नको.”

“तुमास्नी इचारलं न्हाई, तात्या. आण्णास्नी इचारलंय.”

आण्णा खांबाला टेकून बसले होते.  मला दिसत होतं, त्यांच्या मिटलेल्या पापण्या हलत होत्या. एक शब्द ‘नको’ म्हणाले असते, तर आठव्या घरात लेकीचं कल्याण झालं असतं.  मग ते उठले, भिंत चाचपत कोपऱ्यात गेले, आणि बॅटरी उचलून म्हणाले, “चल. मीच जोडतो.”

चावडी घरासमोरच. पाहुण्यांनी विचारलं, काय आहे? कुणीतरी सांगितलं, रोजची खबर असते. मामा म्हणाले, “वा, बडं गाव दिसतंय.” आणि कर्णा खरखरला.

“हॅलो, हॅलो. हिरडेवाडी. साथीचा एकविसावा दिस. आज नवीन डोळे तीन आले, बरे झाले चौदा. बाळासो हवालदारांच्या घरी त्यांच्या मुलीला बघायला विट्याकडचे पाच पाव्हणे आले. पाचींचे डोळे आलेले. मुलगी पसंत पडली. मुलगी कशी हाय त्ये पाव्हण्यांस्नी दिसलं न्हाई, म्हणून सांगण्यात येतं.”

 सयाजीतात्यांच्या हातात सुपारी तशीच.

“मुलीला चौथ्या वर्षी देवी आल्या हुत्या. दोनी गालांवर, कपाळावर आन् नाकाच्या शेंड्यावर वण हायती. लांबनं दिसत न्हाईत, जवळनं दिसत्यात. ह्याच्या आधी सात ठिकाणच्या लोकांनी बघून नको म्हणलंय. गावातल्या थोर माणसांचा इचार असा, की पाव्हण्यांचे डोळे उघडायच्या आत सुपारी फोडावी. इचार मायेचा हाय, पर खोटा हाय. पाव्हण्यांनी पोटभर जेवावं, मुक्काम करावा. डोळे बरे झाले की परत यावं, न आल्यास आमचा राग न्हाई. बोरिकचं पाणी कोमट असावं, कढत नको. नमस्कार.”

गावातल्या एकाही ओट्यावरून त्या दिवशी हसू आलं नाही.

मामा उठून उभे राहिले. “फसवणूक!” ते ओरडले, पण रागाच्या भरात तोंड भिंतीकडंच राहिलं. “ही सरळ फसवणूक हाय!”

“कसली फसवणूक?” सयाजीतात्या समोरच्या दुसऱ्या भिंतीकडं तोंड करून ओरडले. “वण न्हाईत म्हणून आमी कवा म्हणलो? तुमी इचारलं का?”

“डोळं आलं हुतं आमचं!”

“मग आंधळ्यागत यायला तुमाला कुणी सांगितलं हुतं?”

“तुमीच सांगितलं हुतं!”

हे खरं असल्यामुळं तात्या थोडे थांबले. तेवढ्यात मनुबाई बोलली. तिनं आवाज चढवला नाही.

“नाना,” ती भावाला म्हणाली, “तुझी बहीण दिसती कशी, सांग ह्या समद्यांस्नी.”

मामा चष्मा सारखा करायला लागले.

“सांग की रं. का मी सांगू?” तिनं काळा चष्मा काढला आणि पदर मागं टाकला. मी पाहिलं. सुलाच्या चेहऱ्यावर होते त्याच्या दुप्पट वण. आमच्या बाजूची बाकीची माणसं मिटल्या डोळ्यांनी नुसती इकडं तिकडं मान वळवत होती, म्हणून मीच हळू आवाजात सांगितलं, “देवीचे वण हायती.”

“ह्यानंच दावली हुती मला,” मनुबाई म्हणाली. “दिवस मावळायला, काजळी धरल्या कंदिलाच्या उजेडात. लगीन झाल्यावर सकाळच्या उन्हात माझ्या मालकांनी मला बघितलं, आन् एक वरीस माझ्याशी बोलले न्हाईत. पाणी दिलं तर घेत न्हवते. पुढं झालं नीट, मानूस वाईट न्हवता. पर त्ये वरीस माझं गेलं त्ये गेलंच. तवा असा कर्णा कुणाजवळ न्हवता. असता तर मी बी बोलले असते का, देव जाणे. ही पोर बोलली.”

 कृष्णातनं आईचा हात शोधून धरला.

“सुपारी आज फोडायची न्हाई,” मनुबाई म्हणाली. “पंधरा दिसांनी येऊ. भर दुपारी. माझा पोरगा डोळं उघडून बघंल आन् मग सांगंल. जेवायला वाढा आता.”

सुला चावडीवरून परत आली तेव्हा ताटं मांडली होती. कुणी कुणाकडं बघत नव्हतं, पण ते साथीमुळं की कशामुळं, सांगता यायचं नाही. तिनं सगळ्यांना वाढलं. मामांना भाकरी वाढताना म्हणाली, “मामा, राग सोडा, भाकरी गार व्हतीय.” मामांनी राग सोडला नाही, पण भाकऱ्या चार खाल्ल्या.

पंधरा दिवसांनी पाहुणे आले तेव्हा गावाचे डोळे उघडले होते, आणि इतके उघडले होते की आण्णांच्या अंगणात उभं राहायला जागा नव्हती. मामांनी पुढाकार घेऊन सुलासाठी पाट उन्हात मांडला. मनुबाई म्हणाली, “पोराचाबी पाट उन्हात मांड.” मग दोघं भर वैशाखाच्या उन्हात समोरासमोर बसली आणि घामानं निथळायला लागली. कृष्णातनं तिच्याकडं पाहिलं. नीट पाहिलं, घाई केली नाही. आणि म्हणाला, “पसंत.”

गावानं सुटकेचा निःश्वास टाकला. तात्यांनी कमरेची सुपारी काढली. पण मनुबाई अजून सुलाकडं बघत होती.

इथं एक अडचण आली. मुलीला विचारायचं असतं, हेच गावाला ठाऊक नव्हतं. कुणी विचारायचं, कसं विचारायचं, ह्याची रीतच नव्हती. तात्यांनी सरपंचांकडं पाहिलं. सरपंचांनी मामांकडं पाहिलं. मामांनी सुपारीकडं पाहिलं. पाच मिनिटं अख्खं गाव उघड्या डोळ्यांनी एकमेकांकडं बघत होतं.

शेवटी आण्णा पुढं झाले. लेकीसमोर उकिडवे बसले. एवढ्या माणसांत बोलायची त्यांना सवय नव्हती. “सुले,” ते म्हणाले, “तुझं काय?”

सुलाचा आवाज, जो नदीपलीकडं जायचा, तो त्या दिवशी समोरच्या पाटापर्यंतसुद्धा पोचेना. दोनदा घसा खाकरून तिनं सांगितलं, “मला आट दिस इचार करायला पायजेत.”

कल्लोळ झाला. तात्या मटकन खाली बसले. शालूकाकी डोक्याला हात लावून म्हणाली, “सात जनांनी नको म्हणलं, आता ही इचार करतीया!” मामा म्हणाले, असं कुठं ऐकलं नाही. आण्णा सगळ्यांना एवढंच म्हणाले, “खबर आली की देऊ.” मनुबाई मात्र निघताना सुलाच्या गालाला हात लावून गेली, आणि ह्या खेपेला कुणी ओरडलं नाही.

ते आठ दिवस साथीपेक्षा वाईट गेले. गावातलं प्रत्येक माणूस काही ना काही काम काढून आण्णांच्या घरावरून जायचं. सरपंच दोनदा गेले. कर्णा रोज सहाला वाजायचा, कोण बरं झालं, कोणाची म्हैस व्याली हे सांगायचा, आणि त्या एका गोष्टीवर मूग गिळून बसायचा. गावाला पहिल्यांदा कळलं, की जिला सगळं सांगता येतं तिला न सांगताही येतं.

नवव्या दिवशी सकाळी सुलानं एक कार्ड लिहून पोस्टमनच्या हातात दिलं. आमचा पोस्टमन फार इमानी. त्यानं कार्ड कुणाच्या हातात दिलं नाही. पारावर उभं राहून फक्त मोठ्यानं वाचलं, आणि मग पिशवीत टाकलं. त्यावर पत्त्याखेरीज दोनच ओळी होत्या:

‘मुलगा पसंत आहे. उंची सयाजीतात्यांनी सांगितली त्यापेक्षा चार बोटे कमी भरली, पण चालेल.’